दाद न देणारे जंतू

मुलांनो, मुशायऱ्यात चांगला शेर ऐकला की लोक दाद देतात, हे तुम्हांला माहीत आहेच. मराठीतही दाद हा शब्द याच अर्थाने वापरतात. पण मराठीत त्याचा आणखी एक उपयोग आहे. आजार औषधाला दाद देतो किंवा देत नाही. रुग्णाचा ताप औषधाला दाद देत नाही असे डॉक्टरांनी सांगितले, की घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे उतरतात. औषध पोटात गेले, पण आजार जिथल्या तिथे आहे, असा त्याचा अर्थ.

औषधाला दाद न देणारे जंतू प्रयोगशाळेत प्रथम नीट ओळखले गेले ते जर्मनीत, पॉल एर्लिख नावाच्या डॉक्टरांच्या हाताखाली. त्या काळी जंतूंना शोधून मारणारी औषधे जवळजवळ नव्हतीच. मलेरियावरचे क्विनीन आणि आणखी एखाद-दुसरे औषध, एवढेच काय ते होते. अशी औषधे तयार करता येतील असे स्वप्न ज्यांनी पाहिले, त्यांनाच ती निकामी कशी होतात हेही दिसले. त्यांची हकीकत मोठी वाचण्यासारखी आहे.

पॉल एर्लिख यांचा जन्म 14 मार्च 1854 रोजी स्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या राज्यात होते. आज ते पोलंड देशात आहे. वडिलांची खाणावळ होती. शाळेत पॉल फारसा चमकला नाही. लॅटिन आणि गणित त्याला आवडे, पण निबंध लिहायचा म्हटले की त्याच्या अंगावर काटा येई. असे सांगतात, की शेवटच्या परीक्षेत जीवन हे एक स्वप्न आहे या विषयावर निबंध आला होता. इतर मुलांनी सुंदर सुंदर कल्पना लिहिल्या. पॉलने मात्र लिहिले, की जीवन ही एक रासायनिक क्रिया आहे आणि स्वप्न ही मेंदूत चालणारी तशीच क्रिया आहे. गुरुजी भलतेच नाराज झाले.

पॉलचा एक मावसभाऊ की मामेभाऊ म्हणा, कार्ल वायगर्ट, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा होता. तो डॉक्टर होता. शरीराचे पातळ काप घेऊन त्यांना रंग देणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहणे हे त्याचे काम. रंग दिल्याशिवाय त्या कापात काहीच स्पष्ट दिसत नसे. डांबरापासून कापडासाठी नवे नवे रंग तयार करण्याचे कारखाने त्या काळात जर्मनीत जोरात चालले होते. कापड रंगवणारे हे रंग वायगर्ट जंतूंना आणि पेशींना देत असे. पेशी म्हणजे ज्या अगदी सूक्ष्म कणांनी आपले शरीर बनलेले असते ते कण. पॉलने हे पाहिले आणि त्याला रंगांचे वेड लागले. ते मरेपर्यंत गेले नाही.

डॉक्टरीच्या शिक्षणासाठी तो स्ट्रासबर्गला गेला. तिथे त्याचे टेबल लगेच ओळखू येई, कारण त्यावर लाल, निळे, पिवळे डाग पडलेले असत. त्याचे प्राध्यापक वाल्डायर समंजस होते. हा विद्यार्थी नेमलेला अभ्यास सोडून भलतेच काहीतरी करतो आहे, हे त्यांनी पाहिले, पण त्याला अडवले नाही. 1878 मध्ये एर्लिख यांनी डॉक्टरची पदवी मिळवली. त्यांचा प्रबंधही पेशी रंगवण्यावरच होता.

रंगांमध्ये एवढे काय होते? एर्लिख यांच्या लक्षात आले होते, की प्रत्येक रंग प्रत्येक ठिकाणी चढत नाही. एक रंग एका प्रकारच्या पेशीला चिकटतो आणि शेजारच्या पेशीला शिवतही नाही. जणू त्या रंगाला आपले घर माहीत असते. मग एर्लिख यांच्या मनात विचार आला. समजा, एखादा रंग फक्त जंतूलाच चिकटतो, माणसाच्या शरीराला नाही. आणि समजा, त्या रंगात विष भरले. तर ते विष माणसाला इजा न करता फक्त जंतूला मारील. लोककथांमध्ये मंतरलेली गोळी असते. ती कशीही झाडली तरी नेमकी शत्रूलाच लागते. एर्लिख यांनी आपल्या कल्पनेतल्या औषधाला तिचेच नाव दिले, जादूची गोळी.

24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. क्षय म्हणजे टीबी. तुमच्या घरातली वडीलधारी माणसे ज्याला दिक म्हणतात तोच हा रोग. त्या सभेला एर्लिख हजर होते. तेथून ते थेट आपल्या प्रयोगशाळेत गेले. कॉख यांची जंतू रंगवण्याची रीत फार वेळखाऊ होती. एर्लिख यांनी वेगळा रंग वापरून पाहिला आणि काचपट्ट्या वाळण्यासाठी थंड शेगडीवर ठेवल्या. सकाळी कोणीतरी ती शेगडी पेटवली. पट्ट्या वाया गेल्या असे वाटले होते, पण पाहतात तर उष्णतेमुळे जंतूंवर रंग अधिकच छान बसला होता. थुंकी तपासून क्षय ओळखण्याची रीत अनेक वर्षे याच पायावर उभी होती.

पुढे 1888 मध्ये एर्लिख यांना स्वतःलाच खोकला लागला. त्यांनी स्वतःची थुंकी स्वतःच्याच रीतीने रंगवून पाहिली. त्यात क्षयाचे जंतू होते. त्या वेळी या रोगावर औषध नव्हते. डॉक्टर रुग्णांना कोरड्या हवेच्या ठिकाणी जायला सांगत. एर्लिख पत्नी हेडविग यांच्यासह इजिप्तला गेले. त्यांचे दैव चांगले म्हणून ते बरे होऊन परतले. तसे बरे होणारे थोडेच असत.

परतल्यावर त्यांनी घटसर्प या मुलांच्या जीवघेण्या रोगावरील लस-द्रवाची शक्ती मोजण्याची पद्धत ठरवून दिली. शरीर रोगाशी कसे लढते यावरच्या त्यांच्या संशोधनासाठी 1908 मध्ये त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्यावर दुसरा कोणी समाधानी झाला असता. एर्लिख यांचे मन मात्र जादूच्या गोळीतच गुंतले होते.

1899 पासून ते फ्रँकफुर्ट शहरात एका संशोधनसंस्थेचे प्रमुख होते. त्यांची खोली पाहण्यासारखी होती. सोफ्यावर, खुर्च्यांवर, जमिनीवर सगळीकडे पुस्तकांचे आणि मासिकांचे ढीग. पाहुण्याला बसायला जागा नसे. काखेत सिगारची पेटी. दिवसाला पंचवीस सिगार ते ओढत. या एका बाबतीत तुम्ही त्यांचा कित्ता गिरवू नका. रोज सकाळी ते रंगीत पेन्सिलींनी रंगीत कागदाच्या तुकड्यांवर प्रत्येक सहकाऱ्याचे त्या दिवसाचे काम लिहून देत. खिशात कागद नसला तर ते शर्टाच्या बाहीवरही लिहीत. अंगणात पेटीचे रस्त्यावरचे संगीत ऐकत विचार करणे त्यांना आवडे, आणि रात्री झोपण्यापूर्वी शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचणेही.

आता या हकीकतीचा मुख्य भाग येतो. तो जरा सावकाश वाचा.

आफ्रिकेत निद्रारोग नावाचा रोग आहे. त्सेत्से नावाची माशी चावली की या रोगाचे जंतू माणसाच्या रक्तात शिरतात. रोगी हळूहळू सुस्त होतो, दिवसा झोपतो, आणि उपचार न मिळाल्यास शेवटी मरतो. या जंतूंच्या जातीतले काही जंतू उंदरांच्या रक्तातही वाढतात. ते एवढे मोठे असतात, की सूक्ष्मदर्शकाखाली सहज वळवळताना दिसतात. म्हणून एर्लिख यांनी प्रयोगासाठी ते निवडले. जंतू टोचलेला उंदीर चार-पाच दिवसांत मरत असे. त्यामुळे औषध चालले की नाही, हे लगेच कळे.

1904 मध्ये एर्लिख आणि त्यांचे जपानी सहकारी कियोशी शिगा यांनी एक लाल रंग शोधला. तो टोचल्यावर आजारी उंदरांच्या रक्तातले जंतू नाहीसे झाले आणि काही उंदीर वाचले. कारखान्यात बनलेल्या रंगाने प्रथमच असा चमत्कार घडवला होता. दुसऱ्या प्रकारचा एक रंगही उपयोगी पडला, तो म्हणजे फुक्सिन. तिसरे औषध होते ॲटॉक्सिल. ते सोमलापासून, म्हणजे तुम्ही ज्याला संखिया म्हणता त्या विषापासून बनवलेले होते. त्याच्या नावाचा अर्थ विषारी नसलेले असा होतो. पण हे नाव खोटे ठरले. आफ्रिकेत ज्या रोग्यांना ते दिले गेले, त्यांतल्या काहींची दृष्टी कायमची गेली.

प्रयोगशाळेत मात्र वेगळीच अडचण उभी राहिली. उंदराला औषध दिले की जंतू नाहीसे होत. काही दिवसांनी ते परत दिसत. पुन्हा औषध दिले की पुन्हा नाहीसे होत, पण या वेळी ते लवकर परत येत. असे काही वेळा झाले, की औषध कितीही दिले तरी जंतू रक्तात खुशाल वळवळत राहत. औषध तेच, मात्राही तीच. मग बदलले काय? उंदीर बदलला की जंतू?

हे ठरवण्यासाठी एक साधी युक्ती केली गेली. त्या उंदराचे थेंबभर रक्त काढून दुसऱ्या, ताज्या उंदराला टोचले. या नव्या उंदराने ते औषध कधी पाहिलेही नव्हते. तरी त्याच्या शरीरातही औषध चालले नाही. म्हणजे बदल जंतूंमध्येच झाला होता. त्यांची पुढची पिढी, आणि तिच्याही पुढची पिढी, उंदरामागून उंदीर बदलत महिनोन्महिने वाढवली. मधल्या काळात औषध दिले नाही, तरी जंतूंचा हट्ट कायम राहिला. बापाचा गुण मुलाला मिळावा, तसा औषधाला दाद न देण्याचा गुण जंतूंच्या पिढ्यांना मिळत गेला. 1907 मध्ये एर्लिख यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

दुसरा कोणी निराश झाला असता. ज्या गोळीच्या शोधात उभे आयुष्य घालवायचे, ती झाडण्याआधीच शत्रूने ढाल शोधली होती. एर्लिख यांनी मात्र या हट्टी जंतूंना जपून ठेवले आणि त्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. ॲटॉक्सिलला दाद न देणाऱ्या जंतूंवर लाल रंग चालतो का? चालत होता. फुक्सिन चालते का? तेही चालत होते. फुक्सिनला दाद न देणारे जंतू ॲटॉक्सिलने मरतात का? मरत होते. जंतू हट्टी होत होता, पण सगळ्या औषधांपुढे नव्हे. ज्या प्रकारच्या औषधाशी त्याची गाठ पडली, तेवढ्याच प्रकारापुढे तो हट्टी होत होता.

यावरून एर्लिख यांनी एक तर्क केला. जंतूच्या अंगावर निरनिराळ्या कड्या असाव्यात. अन्न या कड्यांत अडकून जंतूच्या आत जात असावे. औषध त्यांतल्याच एखाद्या कडीत अडकते. सोमलाची कडी वेगळी, लाल रंगाची वेगळी, फुक्सिनची वेगळी. हट्टी जंतूत ती एक कडी सैल झालेली असते, म्हणून औषधाची पकड बसत नाही. बाकीच्या कड्या शाबूत असतात. हा केवळ तर्क होता. ती कडी डोळ्यांनी पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. 1993 मध्ये ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी सोमलाच्या औषधाला दाद न देणारे हेच जंतू तपासले. अन्नाचा एक अंश आत घेण्याचे जे दार साध्या जंतूत असते आणि ज्यातून सोमलाचे औषधही आत शिरते, ते या जंतूंत निकामी झालेले आढळले. एर्लिख यांचा तर्क आणि हा शोध यांत 86 वर्षांचे अंतर आहे.

हट्टी जंतूंनी एर्लिख यांना दोन गोष्टी शिकवल्या. पहिली ही, की औषध थोडे थोडे देत बसले तर काही जंतू उरतात आणि उरलेले जंतू हट्टी निघतात. म्हणून पहिलाच घाव असा हवा, की एकही जंतू उरू नये. दुसरी गोष्ट थोड्या वेळाने सांगतो.

पहिल्या घावासाठी जोरदार औषध हवे होते. रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड बर्टहाइम आणि त्यांचे सोबती सोमलापासून एकामागून एक नवे पदार्थ बनवू लागले. प्रत्येकाला क्रमांक दिला जाई. 418 क्रमांकाचा पदार्थ तर ॲटॉक्सिलला दाद न देणाऱ्या जंतूंनाही मारत होता. 606 क्रमांकाचा पदार्थ 1907 मध्ये तयार झाला. पण एका सहकाऱ्याने तो निरुपयोगी ठरवून बाजूला ठेवला. 1909 मध्ये साहाचिरो हाता नावाचे तरुण डॉक्टर जपानहून फ्रँकफुर्टला आले. उपदंश नावाच्या भयंकर रोगाचे जंतू सशांना टोचून अभ्यास करण्याची रीत त्यांना येत होती. एर्लिख यांनी त्यांना जुने सगळे पदार्थ पुन्हा तपासायला सांगितले. हाता हे शांत आणि चिकाटीचे गृहस्थ होते. 606 ची पाळी आली. सशांच्या अंगावरच्या जखमा थोड्याच दिवसांत भरून आल्या.

उपदंश झालेली माणसे त्या काळी लाजेने रोग लपवत. वर्षानुवर्षे हा रोग शरीर पोखरत असे, कित्येकांना शेवटी वेड लागत असे आणि आईपासून तो बाळालाही होत असे. त्यामुळे 1910 मध्ये एर्लिख यांनी नव्या औषधाची घोषणा केली, तेव्हा जगभरातून डॉक्टर आणि रोगी फ्रँकफुर्टला धावले. एर्लिख यांनी घाई केली नाही. सुमारे 65,000 मात्रा डॉक्टरांना फुकट वाटून त्यांनी परिणामांच्या नोंदी मागवल्या. मगच हे औषध साल्व्हर्सन या नावाने बाजारात आले. ते देणे अवघड होते. त्याची भुकटी हवाबंद काचेच्या नळीतून काढून ताबडतोब पाण्यात मिसळून टोचावी लागे. चूक झाली तर रोग्याच्या जिवावर बेते. त्यावरून एर्लिख यांच्यावर वर्तमानपत्रांतून चिखलफेकही झाली.

एकाच घावात सगळे जंतू मारण्याची त्यांची आशाही पुरी झाली नाही. उंदरांत आणि सशांत जे जमले, ते माणसांत सहसा जमत नसे. पुन्हा पुन्हा इंजेक्शने द्यावी लागत.

येथे ती दुसरी गोष्ट कामाची ठरते. 1913 च्या ऑगस्टमध्ये लंडनला जगभरातल्या डॉक्टरांची मोठी परिषद भरली होती. तिथे एर्लिख यांनी ती मांडली. जंतूच्या कड्या वेगवेगळ्या असतील, तर एकाच वेळी दोन-तीन वेगवेगळी औषधे द्यावीत. प्रत्येकाने वेगळी कडी पकडावी. एका औषधातून निसटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडेल. फौजेच्या तुकड्या निरनिराळ्या वाटांनी येतात आणि शत्रूवर एकदमच तुटून पडतात, तसे हे होते. श्रोत्यांनी भाषणाला मोठी दाद दिली. पण या विचाराचा उपयोग करायला त्या वेळी पुरेशी औषधेच हाताशी नव्हती.

पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. एर्लिख यांची प्रकृती खालावली होती. 20 ऑगस्ट 1915 रोजी बाट होम्बुर्ग या गावी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते 61 वर्षांचे होते. पुढे हिटलरच्या राजवटीत, ते ज्यू होते म्हणून, फ्रँकफुर्टमधील रस्त्याला दिलेले त्यांचे नाव पुसून टाकण्यात आले. वृद्ध हेडविग यांना देश सोडावा लागला. महायुद्धानंतर ते नाव परत आले. जर्मनीत युरो हे चलन येण्यापूर्वी 200 मार्कांच्या नोटेवर एर्लिख यांचेच चित्र होते.

त्यांच्या विचाराची खरी परीक्षा झाली ती क्षयरोगात. ज्या रोगाने त्यांना गाठले होते, त्यावर 1943 मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिन हे औषध सापडले. 1947 मध्ये ब्रिटनमध्ये त्याची काळजीपूर्वक चाचणी सुरू झाली. औषध मिळालेल्या 55 रुग्णांपैकी सहा महिन्यांत 4 दगावले. औषध न मिळालेल्या 52 पैकी 14 दगावले. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी पुन्हा मोजले, तेव्हा दोन्ही गटांतला फरक जवळजवळ पुसला गेला होता. पुष्कळ रुग्णांच्या फुप्फुसांतले जंतू स्ट्रेप्टोमायसिनला दाद देईनासे झाले होते. एर्लिख यांच्या उंदरांत जे घडले, तेच आता माणसांत घडत होते. मग डॉक्टरांनी स्ट्रेप्टोमायसिनबरोबर पॅस हे दुसरे औषध देऊन पाहिले. दोन्ही एकत्र दिल्यावर हट्टी जंतू फारच थोड्या रुग्णांत आढळले. 1952 मध्ये आयसोनियाझिड हे तिसरे औषध आले.

तुम्ही म्हणाल, जंतूला मेंदू नाही, मग तो औषध ओळखून हट्टी कसा होतो? तो ओळखत नाहीच. एर्लिख यांच्या काळात याचा उलगडा झाला नव्हता. 1952 मध्ये अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या पतिपत्नींनी तो एका मखमलीच्या तुकड्याने केला. एका ताटलीत जंतूंची वसाहत वाढवली होती. ठिपक्या-ठिपक्यांची ती वसाहत. शिक्का उठवावा तशी मखमल त्यावर दाबून त्यांनी त्याच ठिपक्यांची नक्कल दुसऱ्या ताटलीत उतरवली. दुसऱ्या ताटलीत स्ट्रेप्टोमायसिन होते. तिथे एखाद-दुसऱ्या जागीच जंतू वाढले. मग पहिल्या ताटलीत नेमक्या त्याच जागेवरचे जंतू घेतले. त्यांचा स्ट्रेप्टोमायसिनशी कधी संबंधच आला नव्हता. तरीही त्यांच्यात हट्टी जंतू निघाले. म्हणजे हट्टी जंतू औषध येण्यापूर्वीच तिथे हजर होते.

कोट्यवधी जंतू वाढताना प्रत्येक वेळी आपली नक्कल करतात. नक्कल करताना कुठेतरी चूक होते, जशी तुमच्या हातून शुद्धलेखनात होते. बहुतेक चुका जंतूला निरुपयोगी असतात. क्वचित एखाद्या चुकीमुळे औषधाचे दार बंद होते. औषध नसताना त्या जंतूला कोणी विचारत नाही. औषध आले की बाकीचे मरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत त्या एकट्याचीच संतती भरते.

आता थोडे गणित करा. क्षयाच्या सुमारे दहा लाख जंतूंत एखादा आयसोनियाझिडला दाद न देणारा असतो. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाला दाद न देणारा सुमारे दहा कोटींत एखादा असतो. रोग्याच्या फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज असू शकतात. एकटे आयसोनियाझिड दिले तर शंभरएक जंतू उरतील आणि तेच पुन्हा वाढतील. दोन्ही औषधे एकत्र दिली तर? दोन्हींतून निसटणारा जंतू सापडायला दहा लाख गुणिले दहा कोटी, म्हणजे एक कोटी वेळा एक कोटी जंतू हवेत. तेवढे जंतू कोणाच्याही शरीरात नसतात. मात्र रुग्णाने कधी एक गोळी घेतली, कधी दुसरी टाळली, किंवा बरे वाटताच औषध सोडून दिले, तर हे गणित कोसळते. मग जंतू एका वेळी एकेक औषधाशी भेटतो आणि एकेक दार बंद करत जातो.

कर्करोगातही असेच घडते, हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. तिथे बाहेरून आलेला जंतू नसतो. आपल्याच शरीरातल्या पेशी बेलगाम वाढू लागतात, आणि वाढताना त्यांच्याही नकलांत चुका होतात. एर्लिख यांनी उंदरांच्या गाठींवर बरेच संशोधन केले होते, पण या रोगावरचे औषध त्यांना मिळाले नाही. 1942 मध्ये अमेरिकेत, युद्धातल्या विषारी वायूसारख्या एका पदार्थापासून केलेले औषध एका रुग्णाला दिले. गळ्याभोवतीच्या मोठमोठ्या गाठी काही दिवसांत विरघळल्या. पुढे त्या परत आल्या. दुसऱ्या वेळी औषधाचा गुण थोडाच टिकला. तिसऱ्या वेळी जवळजवळ आलाच नाही, आणि रुग्ण दगावला. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांनाही 1947 नंतर एकेक औषध मिळू लागले. मुले उठून खेळू लागत, आणि काही महिन्यांनी रोग उलटे. त्या आईबापांचे काय झाले असेल, याची कल्पना करवत नाही. 1960 नंतरच्या वर्षांत काही धाडसी डॉक्टरांनी चार औषधे एकदम द्यायला सुरुवात केली. हे मुलांना सोसणार नाही, असे अनेकांना वाटत होते. उपचार फार कठीण होता खरा. पण त्यातली काही मुले कायमची बरी झाली. आज चांगले उपचार मिळणाऱ्या देशांत या रोगाच्या दहा मुलांपैकी आठ-नऊ मुले वाचतात.

आपल्या देशात 1956 मध्ये मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, क्षयरोगावर मोठा अभ्यास सुरू झाला. औषधे नियमित घेतली तर गरीब रुग्ण दाटीवाटीच्या घरात राहूनही बरा होतो, हे त्या अभ्यासाने जगाला दाखवले. पण औषधे अर्धवट घेणारे, चुकीची औषधे मिळालेले आणि अशा रुग्णांकडून हट्टी जंतूंची लागण झालेले लोकही वाढत गेले. 2012 च्या सुरुवातीला मुंबईतून बातमी आली, की काही रुग्णांच्या क्षयजंतूंवर तपासून पाहिलेले एकही औषध चालत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत बेडाक्विलिन या नव्या औषधाला परवानगी मिळाली. क्षयासाठी इतके वेगळे औषध सुमारे चाळीस वर्षांत आले नव्हते. 2016 पासून ते भारतातही मिळू लागले. नवे आहे, जोरदार आहे, तरी डॉक्टर ते कोणालाही एकटे देत नाहीत. त्याच्यासोबत इतर औषधे असतातच. आणि साध्या क्षयाच्या रुग्णाला सरकारी दवाखान्यातून पहिले दोन महिने जी गोळी मिळते, त्या एका गोळीत चार औषधे असतात.